विचार ना भो : पायात पट्टा बांधलेला चोर आणि त्याच्यामागे फिरणारा पोलीस

गेल्या अंकात सुट्टीत काय बघायचं त्या यादीत मी 'व्हाईट कॉलर' या जुन्या अमेरिकन सिरीजचं नाव टाकलं आणि पुढे दोनच ओळी लिहिल्या, की एक पोलीस आणि एक चोर जोडीने केसेस सोडवतात, बघा, मजा येईल. तर त्यावरच इतकी पत्रं आणि मेसेज आले की कापसाचा भाव, पीकविमा, ग्रामपंचायत, सगळं पुढच्या अंकावर ढकललंय. यावेळी पूर्ण जागा या जोडीला. ज्यांनी सिरीज बघितली नाही आणि बघायची आहे त्यांनी शेवट विचारणारा प्रश्न आला की पान उलटायचं, नंतर मला बोलायचं नाही.

प्रश्न : भाऊ, रेल्वेतून रिटायर झालो. नातू म्हणतो आजोबा ही सिरीज लावा. पण ८१ भाग म्हणजे काय चेष्टा आहे का? आधी सांगा तरी आहे काय त्यात. (भुसावळ)

काका, रिटायर झालात ना, मग ८१ भागांना कशाला घाबरता, एक भाग पाऊण तासाच्या आतच संपतो आणि गाडी लेट असली की प्लॅटफॉर्मवर यापेक्षा जास्त वेळ जातो हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे का.

गोष्ट अशी, की न्यूयॉर्कमधला नील कॅफ्री हा देखणा, गोडबोल्या, हुशार चोर. चित्रांच्या नकला, बनावट बॉण्ड, खोटी कागदपत्रं, हातात पिस्तूल नको, सगळं बोलण्यावर आणि बोटांवर. त्याला पकडायला एफबीआयचा पीटर बर्क तीन वर्षं मागे लागलेला असतो आणि पकडतो. चार वर्षांची शिक्षा होते. शिक्षा संपायला थोडे महिने उरलेले असताना हा येडा गार्डचा युनिफॉर्म चढवून पुढच्या दाराने तुरुंगातून चालत बाहेर पडतो, का तर प्रेयसी केट सोडून गेली म्हणून. पीटर त्याला पुन्हा पकडतो, केटच्या रिकाम्या घरात, पळायचा प्रयत्नसुद्धा करत नाही तो. आणि तिथेच नील पीटरच्या कोटावरचा एक धागा बघून सांगतो की हा कॅनडाच्या नव्या शंभराच्या नोटेत घालायचा सुरक्षा धागा आहे. पीटरच्या ऑफिसातल्या एवढ्या लोकांना जे कळलं नव्हतं ते याला बघताक्षणी कळतं. मग सौदा ठरतो, की उरलेली शिक्षा नीलने पीटरच्या हाताखाली काम करून काढायची, पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून, दोन मैलांच्या आत राहून.

मॅट बोमर नील आहे, टिम डीके पीटर. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत यूएसए नेटवर्कवर सुरू झाली, डिसेंबर २०१४ ला संपली, सहा सीझन. पहिले तीन सीझन एकदम कडक. चौथ्यात नीलच्या बापाचं प्रकरण येतं ते मला तरी ताणल्यासारखं वाटलं. आणि केटचं रडगाणं सुरुवातीला फार आहे, ते सहन करा, नातवाच्या वयाला ते आवडतं. पहिला भाग बघा, नीलला राहायला घर कसं मिळतं तो प्रसंग आवडला नाही तर सरळ सोडून द्या. एफबीआय त्याला महिना सातशे डॉलरवाल्या भिकार हॉटेलात टाकते, हा जुन्या कपड्यांच्या दुकानात जातो, तिथे एक श्रीमंत म्हातारी वारलेल्या नवऱ्याचे सूट द्यायला आलेली असते, दोघांच्या गप्पा होतात, आणि दुसऱ्या दिवशी पीटर येऊन बघतो तर साहेब तिच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर गच्चीत कॉफी पिताहेत, भाडं तेच सातशे. पीटरचं तोंड बघण्यासारखं होतं. स्वतः इतकी वर्षं सरकारी पगारावर घासतोय आणि हा चोर एका दिवसात मॅनहॅटनच्या व्ह्यूसकट सेट.

प्रश्न : मी लॉ करतोय. आपल्याकडे शिक्षा झालेल्या गुन्हेगाराला असं पोलिसांसोबत कामाला लावता येईल का? माफीचा साक्षीदार म्हणजे हेच ना? (शिरपूर)

नाही रे दादा, हे दोन्ही एकमेकांपासून लांब आहे, आणि तू लॉ करतोस म्हणून जरा सविस्तर सांगतो, बाकीच्यांनी कंटाळा आला तर खाली उतरा.

माफीचा साक्षीदार म्हणजे त्याच गुन्ह्यात सामील असलेला माणूस, जो कोर्टाला सगळं खरं आणि पूर्ण सांगायला तयार होतो आणि बदल्यात कोर्ट त्याला माफी देऊ करतं. आधी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३०६ होतं, १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली त्यात ते ३४३ झालं. म्हणजे तो आपल्याच टोळीविरुद्ध बोलतो, दुसऱ्या चोरांच्या केसेस सोडवत फिरत नाही. आणि गंमत बघ, हा माणूस आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला आतच ठेवायचं असं कायदा म्हणतो. कसला बंगला आणि कसली गच्ची. खोटं बोलला, लपवलं, तर माफी जाते आणि पुन्हा खटला उभा राहतो.

नीलचं तसं नाहीये. त्याचा निकाल लागलेला आहे, तो कैदी आहे. आपल्याकडे कैद्याला पॅरोल आहे, फर्लो म्हणजे ठरावीक सुट्टी आहे, चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत सूट आहे, पण जा रे बाबा पीएसआय साहेबांच्या गाडीत बस आणि तपास कर असं काही नाही. जवळचं म्हणशील तर खबरी. एलसीबीचं, म्हणजे जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेचं कोणतंही डिटेक्शन वाच पेपरात, 'गोपनीय माहितीच्या आधारे' हे असतंच असतं, ती गोपनीय माहिती कुठूनतरी येते ना. पण खबऱ्याला टेबल-खुर्ची नसते, ओळखपत्र नसतं आणि फोटोत तर तो कधीच नसतो.

आता पट्ट्याचं. ही आयडिया कुठून आली माहितीये का? अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्कीला जॅक लव्ह नावाचे जज होते, त्यांनी स्पायडरमॅनच्या कॉमिक्समध्ये व्हिलन हिरोच्या हातात माग काढणारं यंत्र अडकवतो ते बघितलं आणि १९८३ मध्ये खरंच एका माणसाच्या पायाला असं यंत्र बांधायला लावलं. म्हणजे ही गोष्ट कॉमिक्समधून कोर्टात आली आणि कोर्टातून पुन्हा टीव्हीत गेली. आपल्याकडे जम्मू-काश्मीर पोलिसांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये जामिनावर सुटलेल्या एका आरोपीच्या पायात जीपीएस पट्टा घातला, देशात पहिल्यांदा. आणि लगेच पुढच्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने, न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयां यांच्या बेंचने, एका अमली पदार्थाच्या केसमध्ये सांगितलं की जामिनावर असलेल्या माणसाच्या हालचालींवर पोलिसांना सतत डोळा ठेवता येईल अशी अट जामिनात घालायची नाही, खासगीपणाचा हक्क आहे त्याला. तिथे पट्टा नव्हता, गुगल मॅपवर लोकेशनची पिन पोलिसांना देत राहायची अट होती. तुला मूट कोर्टला घेण्यासारखा विषय आहे हा, पट्टा आणि पिन यात फरक करायचा का नाही ते तू भांड.

आणि एक, पट्ट्याशिवाय कैदी राहतात हे आपल्या महाराष्ट्रात त्या अमेरिकन पट्ट्याच्या कितीतरी आधी करून दाखवलंय. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, औंध संस्थानाने १९३९ मध्ये काढलेली कैद्यांची खुली वसाहत, भिंत नाही, बेड्या नाहीत, शेती करायची आणि बायकापोरांसोबत राहायचं. सिरीज बघताना मला सारखं तेच आठवायचं, कारण सहा सीझनमध्ये तो पट्टा नीलला कधीच अडवत नाही. कापतो, काढून घेतो, फसवतो, हवं तेव्हा हवं ते करतो. त्याला धरून ठेवतं ते पीटरच्या घरचं जेवणाचं टेबल. तिथे बसून केसची फाईल वाचायची, कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवायचा, पीटरच्या बायकोने, एलिझाबेथ वहिनीने दिलेलं खायचं, हे त्याला आयुष्यात मिळालेलं नसतं. ज्याने आत टाकलं त्याच्याच घरी त्याला घरपण मिळतं, बस, सिरीज एवढीच आहे, बाकीच्या केसेस आल्या काय गेल्या काय.

प्रश्न : दादा तुम्ही चोराचं एवढं कौतुक करता. आमच्या सासऱ्यांच्या आयुष्यभराच्या ठेवी पतसंस्थेत अडकल्या, नवरा हेलपाटे घालून थकला. तिथेही असेच गोड बोलणारे इस्त्रीच्या कपड्यातले लोक होते. मला नाही बघवली ती सिरीज. (यावल तालुका)

ताई, तुम्ही बोललात ते खरं आहे आणि या सगळ्या पत्रांत मला तुमचंच पत्र परत परत वाचावं लागलं.

एडविन सदरलँड नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९३९ मध्ये एका मोठ्या भाषणात हेच मांडलं, की गुन्हा म्हणजे गरिबाने केलेली घरफोडी असं आपण धरून चाललोय, पण मोठ्या हुद्द्यावरची, मान असलेली माणसं धंद्यात आणि नोकरीत बसून जे करतात त्यात पैसा कितीतरी पट जास्त जातो आणि शिवाय लोकांचा एकमेकांवरचा विश्वासच उडतो. अशा गुन्ह्याला त्यांनी 'व्हाईट कॉलर' म्हणजे पांढरपेशांचा गुन्हा म्हटलं, सिरीजचं नाव त्यांच्याच मांडणीतून आलंय, पण सिरीज त्या गुन्ह्याचा तुमच्या सासऱ्यांच्या बाजूने फार कमी विचार करते. नील कोणाला लुटतो? म्युझियम, अब्जाधीश, विमा कंपनी. दुसऱ्या सीझनच्या शेवटी तर नाझींच्या बुडालेल्या पाणबुडीतला खजिना येतो, आता नाझींनी लुटलेलं कोणी ढापलं तर आपल्या पोटात कशाला दुखेल? लेखक लोक हुशार असतात, ते असा बळी निवडतात की ज्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही किंवा दिसला तरी कीव येत नाही. ज्याची एफडी बुडाली तो म्हातारा पडद्यावर पाच मिनिटं जरी बसवला असता ना, तर नीलची ती हॅट आणि ते निळे डोळे एका झटक्यात फिके पडले असते.

तरी नीलच्या बाजूने एक सांगतो, किंवा पीटरच्या बाजूने म्हणा. बऱ्याच भागांत ज्यांना पकडतात ते अगदी तुमच्या ओळखीचेच असतात, लोकांचे पैसे फिरवणारे दलाल, गहाणखतात गरिबांची घरं खाणारे, दुसऱ्याच्या नावाने कर्ज काढणारे. आणि त्यांना पकडतो तो पीटर, गोळीबार करून नाही तर कागद वाचून. हिशेबाचा माणूस आहे तो, आकड्यात चूक दिसली की त्याला झोप येत नाही. मला विचाराल तर आपल्याकडे नील भरपूर आहेत, कमी आहेत ते पीटर, जे व्हाउचर उलटसुलट करून बघतील आणि कोणाच्या फोनने फाईल बंद करणार नाहीत.

तुमच्याच भागातलं सांगायचं तर रावेर-यावलला केळीचे घड ट्रकमध्ये भरून न्यायचे, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख द्यायचे, विश्वास बसला की पुढच्या पाच-सहा गाड्या उधारीवर उचलायच्या आणि मोबाईल बंद करून पसार व्हायचं, हा धंदा काय कमी झालाय का? नीलची पद्धत शंभर टक्के तीच आहे, आधी थोडं खरं द्यायचं. फरक एवढाच की नीलच्या भागात शेवटी वाजत-गाजत अटक होते. तुम्ही नका बघू ती सिरीज, त्यात काही बिघडत नाही. ठेवींचं मात्र सोडू नका, पावत्यांच्या झेरॉक्स तीन ठिकाणी ठेवा आणि बाकीच्या ठेवीदारांसोबत एकत्र तक्रार द्या, महाराष्ट्रात ठेवीदारांचं हित जपणारा १९९९ चा कायदा आहे, त्याखाली मालमत्ता जप्त करता येते. चांगला वकील बघा.

प्रश्न : पोलीस खात्यात हवालदार म्हणून आयुष्य गेलं. खबऱ्याला घरी जेवायला नेणारा अधिकारी आमच्या वेळी दिसला असता तर आठ दिवसांत शिक्षा म्हणून कंट्रोल रूमला गेला असता. हे सगळं खोटं आहे. (धुळे)

साहेब, खोटं आहे पण सिरीजवाल्यांनाही ते माहितीये असं मला वाटतं, कारण पीटरला त्या जेवणाची किंमत मोजावी लागते.

पहिल्या सीझनचा पीटर बघा, सरळ रेघ. मग हळूहळू वॉरंट नसताना दारातून आत डोकवायचं झालं तर हा म्हणतो नील, तू जा, मी काही बघितलं नाही. तिसऱ्या सीझनच्या शेवटी नीलच्या शिक्षेतून सुटकेची सुनावणी असते आणि तेव्हा दुसरा एक अधिकारी नीलला कायमचा वापरायला टपलेला असतो, तर पीटर लांबूनच मान हलवून त्याला पळ म्हणून खुणावतो. एफबीआयचा माणूस! आणि पाचव्या सीझनमध्ये तर उलटं होतं, पीटरच खुनाच्या खोट्या आरोपात आत असतो, आणि नील त्याला सोडवायला एका बदमाशाशी सौदा करून खोटी कबुली तयार करवतो. पीटर सुटतो, वर प्रमोशन मिळतं, आणि मग त्याला कळतं की आपली सुटका बनावट कबुलीवर झालीय. तो जो एक राग आहे ना पीटरचा, तो टिम डीकेने काय केलाय, आरडाओरडा नाही, हातवारे नाहीत, नुसता माणूस आतून खचलेला दिसतो. सगळे मॅट बोमरचं नाव घेतात, डीकेचं कोणी घेत नाही, म्हणून इथे घेतलं.

तुमच्या भाषेत सांगायचं तर खबऱ्याशी दोस्ती केली की तुमची गुपितं त्याच्याकडे राहतात, ते अगदी बरोबर दाखवलंय. फक्त तुमच्याकडे तो कंट्रोलला गेला असता, तिथे तो सहा सीझन टिकला.

प्रश्न : सर, पोलिसाने चोराला सोबत घेणं ही कल्पना टीव्हीवाल्यांचीच का? आपल्या इतिहासात असं काही? मुलांना सांगायला उपयोगी पडेल. (शहादा, शिक्षक)

सर, टीव्हीच्या कितीतरी आधी पॅरिसमध्ये विडोक होता, जन्म १७७५, मृत्यू १८५७. चोरी, बनावट कागद, तुरुंगातून पळणं, सगळं करून झाल्यावर पोलिसांचा खबरी झाला आणि १८१२ च्या सुमारास तिथल्या गुप्त पोलीस पथकाचा प्रमुख. हाताखाली माणसं घेतली तीही जुने गुन्हेगार.

पण मुलांना सांगायचं तर घरचं सांगा ना. इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला आणि सातपुडा, सातमाळ्यातले भिल्ल काही त्यांच्या हाती लागेनात. इथे सावधपणे सांगा, कारण इंग्रजांच्या कागदात त्यांना सरसकट लुटारू लिहिलंय, आणि तेच भिल्ल आधी गावोगावचे जागले होते, राखण करायची आणि त्याबद्दल हक्क मिळायचे, ते हक्क बुडाले, डोंगरात हाकलले गेले, आणि मग लुटारू ठरले. आधी राखणदार होते हे विसरून कसं चालेल. तर फौज पाठवून काही होईना तेव्हा १८२५ मध्ये जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याकडून खानदेश भिल्ल कोअर उभी केली, मुख्य ठाणं आपलं धरणगाव. ज्यांच्या मागे लागायचं त्यांनाच गणवेश दिला. औट्रम त्यांच्यात मिसळून राहायचा, त्यांच्यासोबत वाघाच्या शिकारीला जायचा, विश्वास बसायला ते कामी आलं. पीटरने आपल्या जेवणाच्या टेबलावर जे केलं ते याने जंगलात केलं, पण औट्रम काही दोस्तीसाठी आला नव्हता, राज्य बसवायला आला होता, हेही पोरांना सांगा.

आणि दुसरी बाजू खाज्या नाईक. मुंबई-आग्रा रस्त्यावर सेंधव्याच्या घाटात वाटसरूंच्या रक्षणाचं काम इंग्रजांनी त्याच्याकडे दिलेलं. मग एका पकडलेल्या माणसाच्या मृत्यूवरून नोकरी गेली, तुरुंग भोगला, आणि १८५७ चा भडका उडाल्यावर इंग्रजांना गरज पडली तर पुन्हा त्याच घाटावर कामाला घेतलं. त्याने थोड्याच काळात सरळ उठाव केला, सरकारी खजिना लुटला, एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली. ज्याला पट्टा बांधून राखणीला ठेवलं त्याने पट्टा कापला, आणि त्यात चोरी नव्हती, हिशेब होता. चिमठाण्याचंही तसंच, १९४४ मध्ये प्रतिसरकारच्या क्रांतिकारकांनी धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा इंग्रजांचा खजिना लुटला, साडेपाच लाखांच्या आसपास, त्याला कोणी चोरी म्हणून दाखवावं आमच्यासमोर. पोरं नक्की विचारतील की मग चोर कोणाला म्हणायचं. तो तास तुमचा सर, मी नाही येत मध्ये.

प्रश्न : मॉझी खरा हिरो आहे, तुम्ही त्याचं नावही घेतलं नाही, निषेध! (अमळनेर, कॉलेज ग्रुप)

निषेध मान्य नाही, कारण जागाच दोन ओळींची होती. पण हो, मॉझी भारीये. नीलचा जोडीदार, बुटका, टकला, चष्मेवाला, सरकारवर काडीचा विश्वास नाही, पीटरला नावाने हाक मारत नाही, 'सूट' म्हणतो आणि वहिनीला 'मिसेस सूट', आणि तरी सगळ्यात आधी वहिनीशीच त्याचं जमतं. विली गार्सनने केलाय तो, २०२१ मध्ये गेला बिचारा. नीलला घर देणाऱ्या त्या श्रीमंत म्हातारीचं, ज्यूनचं काम करणाऱ्या डायहान कॅरल २०१९ मध्ये गेल्या.

प्रश्न : शेवट पटला नाही. नील मेला का जिवंत? आणि नवीन सीझन येणार म्हणतात ते खरं का? (नंदुरबार)

ज्यांना शेवट नकोय त्यांनी जा आता.

जिवंत आहे की. शेवटच्या सीझनमध्ये पिंक पँथर नावाच्या टोळीत घुसतो, गोळी लागते, पीटर शवागारात ओळख पटवतो, सगळं संपतं. वर्षभराने पीटरला पोरगा झालेला असतो, नाव ठेवलेलं नील. मग एक दिवस दारात वाइनची बाटली येते, पीटरची ट्यूब पेटते, एका कंटेनरपर्यंत माग काढतो आणि तिथे मरण्याच्या नाटकाची सगळी तयारी दिसते. पीटर हसतो. शेवटी पॅरिसच्या रस्त्यावर नील चालताना.

तुम्हाला पटला नाही, मला पटला, कारण पहिल्या भागात जसा पीटरने त्याला शोधला तसाच इथे पुन्हा शोधला, पण पकडायला गेला नाही. राग मला एकाच गोष्टीचा आला, मॉझीला वर्षभर रडवलं. पीटरकडे नोकरी, बायको, पोर आहे, मॉझीकडे कोण होतं? नीलचा स्वार्थीपणा तिथे उघडा पडतो आणि सिरीज त्यावरून पटकन पुढे जाते.

नवीनचं खरं आहे, निर्माता जेफ ईस्टिनने २०२४ मध्ये जुन्या मंडळींना घेऊन पुन्हा करायचं जाहीर केलंय. पण जाहीर होणं आणि टीव्हीवर दिसणं यात काय अंतर असतं ते आपल्याकडच्या पाटचारीला पाणी येण्याच्या घोषणांवरून ओळखा.

प्रश्न : भाऊ, आपला खान्देशमा अशी सिरीज काढी तं चोर कोण व्हई? आनी माले तं तो चोरच आवडना. (साक्री)

आवडना तं आवडना, लाजायचं काय त्यात!

काढायचीच तर जळगावच्या सराफ बाजारात सुरू करू नका, ते कोणीही करेल, सोनं म्हटलं की जळगाव हे आता शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. चाळीसगावला एक भाग हवाच, स्टेशनजवळच्या बंगल्यात केकी मूस वर्षानुवर्षं बाहेर न पडता चित्रं, शिल्पं आणि टेबलावरच्या वस्तूंचे ते अफलातून फोटो करत राहिले, १९८९ मध्ये गेले, तर त्यांच्या फोटोची हुबेहूब नक्कल करणारा आपला नील, आणि त्याला पकडणारा एलसीबीचा आपला पीटर, ज्याला कलेतलं काही कळत नाही पण सही करताना माणूस पेन कुठे उचलतो ते कळतं.

पण खरा पहिला भाग मी बोगस बियाण्यावर करीन. मे महिना, कापसाचं बियाणं, नामी कंपनीसारखं हुबेहूब पाकीट, होलोग्राम, छापील लॉट नंबर, क्यूआर कोड स्कॅन केला तर चक्क काहीतरी उघडतं पण. आणि ते पाकीट बघून आपला नील म्हणतो साहेब, छपाई गुजरातेतली नाही, हा रंग सुटतोय, मशीन कुठलं ते मी सांगतो, कारण तसलं मशीन त्यानेच एकेकाळी कोणालातरी लावून दिलेलं. पीटर त्याला गाडीत घालून आधी छापखान्यावर नेणार नाही, आधी त्या शेतात नेईल जिथे उगवलंच नाही. वर यावलच्या ताईंनी जे विचारलं ना, ते तिथे बांधावर उभं करून त्याला ऐकवायचं, हॅट काढायला लावून.

पट्ट्याची दोन मैलांची अट मात्र बदलावी लागेल. दोन मैल म्हणजे सव्वातीन किलोमीटर, जळगाव स्टेशनवरून निघाला तर गिरणेच्या पुलापर्यंत पोहोचायच्या आत ठाण्यात घंटी वाजेल, केस सोडवणार कधी, तालुका तरी द्या त्याला. आणि लोडशेडिंगमध्ये पट्टा चार्ज कसा करायचा त्यावर साक्रीवाल्यांनी काही सुचवलं तर बघू.